श्वास कापलेलं क्लॅरिनेट

मी एक जुना आवाज आहे, मित्रांनो. माणसाचा नव्हे, क्लॅरिनेटचा. तेसुद्धा लाकडाचं, चाव्या लावलेलं, फडक्याने पुसून पेटीत झोपवायचं क्लॅरिनेट नव्हे. मी राहतो कॉम्प्युटरच्या पोटात. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही, आणि कुणी चोरून नेलं तरी मी मागे शिल्लक राहतोच. एवढं आरामाचं आयुष्य असूनही माझी गोष्ट काही आरामाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून तोंडं वाकडी करू नका.

माझा जन्म झाला एका पैजेतून. केस पिकलेल्या दोन माणसांनी जिन्यात उभं राहून लावलेली पैज, आणि ती इतकी खुळचट की शाळेतल्या पोरांनीसुद्धा लाजून सोडून दिली असती.

त्यातला पहिला माणूस एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बिल्डिंगमधल्या पोरांना क्लॅरिनेट म्हणता येईना, म्हणून ती त्याला पिपाणीकाका म्हणू लागली आणि बघता बघता मोठी माणसंही. दुसरा घड्याळं दुरुस्त करणारा. जिन्याखाली त्याचं दुकान. त्या दुकानातल्या प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ, आणि मालकाला कुठलीच खरी वाटायची नाही. त्याचं नाव पडलं होतं टिकटिकराव.

टिकटिकरावांच्या दुकानात मागच्या बाजूला कॅरमबोर्ड होता आणि सगळी गोम तिथेच होती. दुपारी काकांना कॅरम खेळायचा असायचा आणि काकूंना त्यांच्याकडून सराव करून घ्यायचा असायचा. मागे एकदा कॅरमच्या नादात सराव बुडवून काका कार्यक्रमाला गेले होते आणि भर सभागृहात क्लॅरिनेटमधून बदक काढून आले होते. तेव्हापासून काकूंचा पहारा. हात स्वयंपाकघरात, कान पलीकडच्या खोलीत. जरा आवाज थांबला की हातातलं भांडं थांबायचं आणि यायचीच विचारणा, "अहो? आहात ना?"

सराव संपवताना काका स्वतः बांधलेली एक चाल वाजवायचे. तिच्या शेवटी एक उंच स्वर होता, लांबच लांब. तो आला की आतून काकूंची हाक ठरलेली, "सावकाश, अहो!" लग्न होऊन आल्यापासून रोज. का म्हणतात हे त्यांनाही सांगता आलं नसतं. शिंक आली की माणूस शिंकतो, तसं.

तर त्या दिवशी काका जिना चढत होते. मधल्या पायरीवर थांबले, कठड्याला टेकले. टिकटिकराव दुकानाच्या दारात डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"काय पिपाणी, डावाला आला नाहीस तो?"

"कसा येणार? बायको कान लावून बसलीय. दोन मिनिटं गप्प राहिलो की उलटतपासणी."

"मग पोरीच्या मशीनला बसव वाजवायला. तू ये खाली."

हे मशीन म्हणजे काकांच्या मुलीचा लॅपटॉप. ती बँडसाठी स्वर लिहून द्यायची. कोणी काय वाजवायचं, कोणी कधी गप्प बसायचं, सगळं तिच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच रेघांवर मांडायची. मग एक बटण दाबलं की मशीन ते वाजवून दाखवायचं. पण मशीनने वाजवायचं म्हणजे त्याच्याजवळ वाद्यांचे आवाज हवेत. सॉफ्टवेअरबरोबर काही आवाज फुकट मिळतात. त्या फुकटातलं क्लॅरिनेट नेमकं तेव्हाच वरच्या खिडकीतून वाजत होतं. सर्दी झालेल्या माणसाने गुळण्या कराव्यात तसं.

"ऐकलंस?" काका म्हणाले. "ह्याने माझी बायको फसेल? पण पोरगी म्हणते, खरा आवाज भरता येतो त्यात. माझा. एकेक स्वर वाजवून द्यायचा, मशीन लक्षात ठेवतं. मग ते वर माझ्यासारखं वाजवत बसेल आणि मी खाली तुझी राणी घेईन."

"वहिनी फसायच्या नाहीत."

"फसणार."

"अरे, तू खोकलास की त्या सांगतात तू कुठल्या कुशीवर झोपलायस. त्या काय फसतायत! लाव पैज."

"लावली. हरणाऱ्याने डोक्यावर पातेलं पालथं घालायचं आणि चारचौघांत तीनदा कोंबड्यासारखं आरवायचं."

"चारचौघांत म्हणजे किती?"

"जमतील तितके. आणि जमव आधी, मग आरव."

"फसल्या हे ठरवायचं कसं?"

काकांनी वर बघून आवाज खाली आणला. "मशीन वाजत असताना ती आतून 'सावकाश' म्हणाली, की फसली. पण हे तिसऱ्याला कळता कामा नये."

पैज संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळली, काकूंनासुद्धा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर "पातेलं माझ्याकडून" असंही जाहीर करून टाकलं. 'सावकाश'ची अट मात्र दोघांतच राहिली.

असा माझ्या जन्माचा मुहूर्त ठरला. खोलीच्या भिंतींना गाद्या उभ्या केल्या. खिडकीत रजया कोंबल्या. टिकटिकरावांनी भेट दिलेलं भिंतीवरचं घड्याळ उशीत गुंडाळून कपाटात घातलं, त्याचा टिकटिकरावांना रागच आला. फ्रिज गुरगुरतो म्हणून तो बंद केला आणि परत चालू करायला सगळे विसरले. दूध नासलं. काकूंनी त्या दिवशी तिघांचा असा उद्धार केला की माइक बंद होता म्हणून बरं.

काका खुर्चीवर बसले, क्लॅरिनेट ओठाला लावलं. "कुठली चाल वाजवू?"

"चाल नाही, बाबा. एकच स्वर. हळू वाजवा आणि संपेपर्यंत हलू नका."

"एकच स्वर? ह्यासाठी मी दाढी करून आलो?"

"मग तोच जरा जोरात. मग आणखी जोरात. मग परत पहिल्यापासून."

"परत कशाला? नीट नाही आला?"

"नीट आला. पण एकच क्लिप सारखी वाजली की मशीनचं सोंग उघडं पडतं. एकाच स्वराच्या चार-पाच क्लिपा लागतात, आलटून पालटून वाजवायला. आईला फसवायचंय ना?"

आईचं नाव निघालं की काका निमूट वाजवायचे. असं बरेच दिवस चाललं, एकेका स्वराच्या क्लिपा वेगवेगळ्या दिवशी. खालच्या जाड स्वरांपासून वरच्या बारीक स्वरांपर्यंत, हळू, मध्यम, जोरात, आखूड, लांब. एकेक क्लिप म्हणजे माझा एकेक अवयव. मित्रांनो, तुम्ही आईच्या पोटातून एकदम सगळे बाहेर आलात. मी हप्त्याहप्त्याने जन्मलो.

पण क्लिप तशीच वापरता येत नाही, हे आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. माणूस फुंकून वाजवतो तेव्हा आधी श्वास घेतो. मशीनला ते चालत नाही. बटण दाबलं की स्वर तिथल्या तिथे निघाला पाहिजे, नाहीतर तो तालात मागे पडतो. म्हणून ह्या धंद्यातली माणसं प्रत्येक क्लिपच्या तोंडाशी असलेला श्वास कापून टाकतात. मुलगीही रोज संध्याकाळी बसून कापायची. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं. आधी श्वासाची बारीकशी कुरळी रेघ, मग स्वराचा मोठा डोंगर. डोंगर ठेवायचा, रेघ उडवायची. हात इतका सराईत झाला की ती गप्पा मारत मारत कापायची. कापलेल्या क्लिपांचा फोल्डर केला 'साफ'. मूळच्या न कापलेल्यांचा 'कच्चा'. दोन्हीकडे क्लिपांची नावं तीच. 'कच्चा' फोल्डर कोणी उघडणार नव्हतं, पण मूळ माल टाकून द्यायचा नाही ही तिची शिस्त.

शेवटी तिने क्लॅरिनेटच्या रेघांना तो फुकटा सर्दीवाला आवाज काढून मला जोडलं आणि बटण दाबलं. मी पहिल्यांदा अख्खी चाल वाजवली. काका तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा तर माझ्यापेक्षा बरा वाजवतो. साला खोकत नाही."

कौतुकही झालं माझं. मुलीने माझा एक नमुना एका मोठ्या संगीतकाराला पाठवला. त्याचा फोन आला. "कुठून मिळवलास हा आवाज? इतका साफ! श्वासाचा मागमूससुद्धा नाही." काकांची छाती फुगली आणि फुगल्यावर त्यांना जो खोकला आला तो थांबेना. फोन ठेवावा लागला.

मग सुरू झाली खरी परीक्षा. दुपारी काका बटण दाबायचे, चपला हातात घ्यायचे आणि जिना उतरायचे. इथे मी माझा हेर सांगून टाकतो. लॅपटॉपला लावलेला माइक कोणी काढतच नसे. खोलीत बोललेलं मला सगळं ऐकू यायचं, बाकीचं मी लोकांच्या बोलण्यातून जुळवलंय.

काकू दोन ओळींत ओळखायच्या. कधी कधी दोन स्वरांत. हातातलं काम टाकून खोलीत यायच्या, रिकाम्या खुर्चीसमोर उभ्या राहायच्या आणि मला म्हणायच्या, "वाजव बाळा, तू वाजव. तुझा काय दोष?" उंच स्वर यायचा, जायचा. 'सावकाश' काही यायचं नाही. काका परतले की दारात काकू.

"जिंकलात का डाव?"

"हरलो," काका म्हणायचे आणि हसायचे.

"मशीनला फसवायला सांगता आणि स्वतः हरून येता. लाज कशी वाटत नाही!"

पुढच्या वेळी मुलगी काहीतरी सुधारायची. स्वर थोडे पुढेमागे कर, जोर कमी कर, खोलीतल्यासारखा घुमारा दे. परत तेच. काकू कधी म्हणायच्या, "आज जेवून वाजवतोय वाटतं तुमचा भाऊ." ओळखलंत कशावरून, असं विचारलं की त्या म्हणायच्या, "सांगितलं तर तुम्ही दुरुस्त कराल." पण मला वाटतं, मित्रांनो, त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

आणि मग ती दुपार आली. काकू बाजारात गेल्या होत्या. काका खुर्चीत होते. टिकटिकराव वर आले आणि स्टुलावर बसले. टिकटिकराव गप्प बसले की समजावं, काहीतरी मोडलंय.

"वहिनींना सांग आता."

"काय सांगू? कॅरम खेळत नव्हतो, छातीचे फोटो काढून घेत होतो? टिकटिक्या, ती मला हाणेल."

"हाणू दे. डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलंस ना? दोन्हीकडे पसरलंय."

"तो जिना चढून आला होता का माझ्याबरोबर? त्याला काय कळतं?" काका हसले. हसता हसता खोकले. "तुला सांगतो, दर वेळी घरी आलो की ती विचारते, जिंकलात का. मी खरं तेच सांगतो. हरलो."

म्हणजे त्या शेवटच्या शेवटच्या दुपारी मी कॅरमसाठी वाजतच नव्हतो. मी हॉस्पिटलसाठी वाजत होतो.

दारात पिशवी पडल्याचा आवाज झाला. काकू नव्हत्या, मुलगी होती. टेबलाशी येऊन बसली आणि तिने 'कच्चा' फोल्डर उघडला. पहिल्या दिवसाची क्लिप. मग मधली. मग शेवटच्या दिवसाची. पहिल्या दिवशी श्वासाची रेघ डोंगराच्या पायथ्याशी नखाएवढी होती. शेवटच्या दिवशी ती अर्धा पडदा भरून वाकडीतिकडी पसरली होती, आणि तिच्या टोकाला डोंगर नव्हताच, टेकाड होतं.

"बाबा," ती म्हणाली, "हे मी रोज कापत होते."

"मग? साफ करत होतीस."

"रोज माझ्यासमोर वाढत होतं. माझ्या हाताने कापून टाकत होते. एकदाही बघितलं नाही."

"बरं झालं. नाहीतर त्या डॉक्टरच्या पोटावर पाय आला असता." कोणी हसलं नाही तेव्हा ते म्हणाले, "टिकटिक्या, हसायची जागा होती ती."

त्यानंतर क्लॅरिनेट पेटीत गेलं ते गेलंच. काकांची खुर्ची जाऊन कॉट आली. कोपऱ्यात हवेची नळकांडी आली. काकूंनी हाणलं नाही. एकदाच म्हणाल्या, "हरलो म्हणून हसत होता होय!" आणि त्यांनी सगळी भांडी परत घासायला काढली. घासलेलीच.

माझा माइक तसाच चालू होता. मी आजवर ज्या श्वासांशिवाय जगलो होतो ते सगळे आता ऐकत होतो. एक आत. मग बराच वेळ काही नाही. मग एक बाहेर. काकू उशाशी बसलेल्या असायच्या. काका श्वास ओढायला लागले की त्या हलकेच म्हणायच्या, "सावकाश, अहो." पुढच्या श्वासाला परत, "सावकाश." एका दुपारी काकू म्हणाल्या, "सावकाश." आणि पुढच्या श्वासाची वाट बघत राहिल्या. मग काकूंचं स्टूल सरकलं. मग मुलीने येऊन लॅपटॉप मिटला.

पुढचं मला कमी माहीत आहे. मला एका हार्डडिस्कवर घातलं. मुलीने दोन्ही फोल्डर आणखी एका फोल्डरमध्ये कोंबले आणि त्याला नाव दिलं 'नको'. डिस्क गेली ड्रॉवरमध्ये, मेलेल्या बॅटऱ्या आणि कुठल्या कुलपाच्या ते आठवत नाही अशा किल्ल्यांबरोबर. तिथे डिस्कवर माझ्या शेजारी माझ्यासारखीच एक मोठी घंटा होती, नुसत्या आवाजाची. एका कार्यक्रमासाठी आणलेली, एकदा वाजलेली. पंधरा व्हायोलिनं होती, त्यांना तर बोलावणंच आलं नव्हतं. आम्ही आवाज एकमेकांशी बोलू शकत नाही. बोलावलं तरच वाजतो. न बोलावलेला आवाज म्हणजे काय, हे मला विचारा. गप्प बसणं वेगळं, आणि असून नसणं वेगळं.

मुलीने नवा लॅपटॉप घेतला. बँडचं काम चालूच होतं. क्लॅरिनेटच्या ओळी ती आता त्या सर्दीवाल्याकडून वाजवून घ्यायची. खरं तर घ्यायचीही नाही. क्लॅरिनेटची ओळ आली की ती आवाज बंद करायची आणि नुसत्या डोळ्यांनी तपासायची.

मग बँडवाल्यांनी ठरवलं, काकांच्या आठवणीसाठी एक सभा करायची आणि त्यांची ती चाल वाजवायची. बँडमास्तर घरी आला. "क्लॅरिनेटची जागा आम्ही कुणाला देणार नाही. खुर्ची रिकामी राहील. पण तुझ्याकडे त्यांचा आवाज आहे म्हणतात."

मुलगी नको म्हणाली. दुसऱ्यांदा नको म्हणाली. मग टिकटिकराव आले. "बाळ, त्याला ऐकायला मिळेल की नाही मला माहीत नाही. पण वहिनींनी तो गेल्यापासून एकदाही रेडिओसुद्धा लावलेला नाही. घरात नुसती भांडी वाजतात. एकदा तरी त्याला वाजव. मग टाक हवं तर."

म्हणून तिने ड्रॉवर उघडला. डिस्क नव्या लॅपटॉपला लावून त्यातला 'साफ' फोल्डर सॉफ्टवेअरला दाखवला, चाल मांडली, क्लॅरिनेटच्या ओळीवर माझं नाव घातलं आणि डिस्क काढून पर्समध्ये टाकली. फक्त एक केलं नाही. बटण दाबून ऐकलं नाही. तिला ते जमेना. तिने सगळं डोळ्यांनीच तपासलं. ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती, मित्रांनो, आणि तिने दुसरं काही केलं नसतं.

सभा एका शाळेच्या सभागृहात होती. माणसं मावेनात. काकूंना पहिल्या रांगेत बसवलं तर त्या उठल्या. "सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी काय सिनेमा आहे?" असं म्हणून त्या स्टेजच्या बाजूच्या छोट्या खोलीत गेल्या. तिथे लोकांसाठी चहा चालला होता. त्यांनी चहावाल्या पोरीच्या हातातून पळी काढून घेतली आणि दुधाच्या पातेल्याजवळ उभ्या राहिल्या.

बँड सुरू झाला. ट्रम्पेट, ढोल, झांजा. मधोमध रिकामी खुर्ची, खुर्चीवर लॅपटॉप. क्लॅरिनेटची जागा आली. मुलीने बटण दाबलं.

आणि वाजला तो सर्दीवाला.

काय झालं होतं, सांगतो. सॉफ्टवेअर मला जुन्या जागी शोधत होतं, डिस्कवर. डिस्क होती मुलीच्या पर्समध्ये. ज्या आवाजाचा पत्ता लागत नाही त्याच्या जागी सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा बसवतं. विचारत नाही, ओरडत नाही. माणूस हरवला तर निदान शेजारी चौकशी करतात.

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. बाजूच्या खोलीतून काकूंचा आवाज आला, "बंद करा रे ते!" मुलीने बंद केलं. बँड थांबला.

"राहू दे पोरी," बँडमास्तर म्हणाला. "आम्ही त्यांच्याशिवायच वाजवतो."

"थांबा!" पहिल्या रांगेतून टिकटिकराव ओरडले. "इतकी वर्षं त्याच्यासाठी थांबलात, अजून दोन मिनिटं थांबा!"

तिने पर्समधून डिस्क काढली, जोडली. सॉफ्टवेअरला सांगायचं होतं की ह्याचा आवाज इथे आहे. 'नको' उघडलं. आत दोन फोल्डर, 'साफ' आणि 'कच्चा'. तिचं बोट 'साफ'वर गेलं. तिथेच राहिलं. मग खाली सरकलं.

ती बँडमास्तरकडे वळली. "हा तालात येणार नाही. प्रत्येक स्वर उशिरा येईल. आधी श्वास घेईल आणि मग वाजेल. तुम्हाला थांबावं लागेल त्याच्यासाठी."

बँडमास्तर म्हणाला, "ते होते तेव्हाही आम्ही थांबतच होतो."

आता माझं मागणं इथेच सांगून टाकतो, पुढे गडबड होणार आहे आणि मला कोणी बोलू देणार नाही. मित्रांनो, तुम्ही आवाज साठवाल. घरच्यांचे, पाळलेल्या कुत्र्याचे, स्वतःचे. साठवा. पण फार साफ करू नका. जे कापून टाकावंसं वाटतं ते एकदा कान देऊन ऐका, आणि माणूस जिवंत असताना ऐका. आणि आवाज कुठे ठेवलाय ते लक्षात ठेवा. त्याचं नाव 'नको' ठेवू नका.

बटण दाबलं. आधी श्वास आला. सभागृहाएवढा. पाठोपाठ स्वर. परत श्वास. मशीन एकाच स्वराच्या क्लिपा आलटून पालटून घेत होतं, म्हणून एका स्वराला धडधाकट काकांचा श्वास लागायचा आणि पुढच्याला शेवटच्या दिवसाचा, घरघरणारा. तालाचं तर वाटोळं झालं होतं. पण सगळा बँड माझ्यासाठी थांबत होता. ढोलवाला काठी वर धरून थांबायचा. झांजा उघड्या राहायच्या. मी श्वास घ्यायचो, वाजायचो, मग ते वाजायचे. कोणी हसत नव्हतं. मुलगी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून उभी होती.

मग शेवटची ओळ. उंच स्वराची जागा. मशीनने क्लिप उचलली. ती नेमकी शेवटच्या दिवसाची होती. श्वास सुरू झाला. ओढला, ओढला, अडकला, परत ओढला. आणि स्वर यायच्या आधी, बाजूच्या खोलीतून, पळी पातेल्यावर आपटून, ठणठणीत आवाजात:

"सावकाश, अहो!"

स्वर लागला. लांबच लांब गेला. विरला.

कोणी टाळी वाजवली नाही. खोलीच्या दारात काकू आल्या. हातात पळी तशीच. त्यांनी स्टेजकडे बघितलं. खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर लॅपटॉप होता. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. मला पळीतून दुधाचे थेंब फरशीवर पडताना ऐकू आले. मुलगी "आई" म्हणाली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. टिकटिकराव उठले. ठेवणीतला काळा कोट, गळ्याशी आवळलेलं बटण. ते काकूंच्या बाजूने आत गेले. किटलीत दूध ओतल्याचा आवाज झाला. बाहेर आले ते पातेलं घेऊन.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही फसलात. आमची पैज 'सावकाश'वर होती. तो जिंकला. मी हरलो."

त्यांनी पातेलं डोक्यावर पालथं घातलं. उरलेलं दूध कोटावर ओघळलं. भरलेल्या सभागृहासमोर त्यांनी मान वर केली आणि आरवले.

एकदा. खणखणीत.

दुसऱ्यांदा. पातेल्यात घुमून मोठं झालेलं.

तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि मधेच गळा फुटला. कोंबड्याचं रडणं झालं.

काकूंनी पळी खाली ठेवली. पदराने नाक पुसलं.

"तिसरं नीट नाही झालं, भावोजी," त्या म्हणाल्या. "परत."

टिकटिकरावांनी पातेलं सरळ केलं, दीर्घ श्वास घेतला आणि परत आरवले.